घड्याळ, फासे आणि अंधारी

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शहागंजच्या बाजारात दुचाकी लावू नये, हे इथे वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी एका संध्याकाळी मी लावली. घड्याळाच्या टॉवरपासून जरा आत एक फट दिसली, तीत गाडी सारली आणि दहा मिनिटांत काम उरकून परत आलो. बघतो तर पुढे खजुराची हातगाडी, तिच्या उजव्या अंगाला शेवयांची, डाव्या अंगाला ओढण्यांचा डोंगर घेतलेली तिसरी. खजूरवाल्या चाचांना म्हटलं, जरा बाजूला घेता का. चाचा अगदी सज्जनपणे म्हणाले, ‘मैं तो सरक जाऊंगा भाई, पहले उसकू बोलो.’ ‘उसकू’ म्हणजे शेवयांवाला. शेवयांवाल्याने ओढणीवाल्याकडे मान केली. ओढणीवाल्याच्या मागे भिंत होती आणि पुढे गिऱ्हाइकांची दुहेरी फळी.

मी चिडायला हवं होतं, पण मला हसू आलं. हेच कोडं आदल्या रात्री एक वाजेपर्यंत मी मोबाइलवर सोडवत बसलो होतो.

त्या खेळाचं नाव सोकोबान. जपानीत सोको म्हणजे गोदाम, सोकोबान म्हणजे गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी नावाच्या गृहस्थांनी तो रचला आणि १९८२ मध्ये बाजारात आणला. एक हमाल, काही पेट्या, आणि पेट्या नेऊन ठेवायच्या खुणेच्या जागा. बस्स, एवढंच. पण शहागंजातल्या चाचांना हातगाडी ओढताही येते आणि ढकलताही येते; या हमालाला फक्त ढकलता येतं, तेही एका वेळी एकच पेटी. एकदा पेटी कोपऱ्यात गेली की गेली. ब्रह्मदेव आला तरी ती बाहेर निघत नाही. आमच्याकडे शेवटी खजुराची गाडी हातभर मागे, शेवयांची तिरकी, मग खजुराची पुन्हा पुढे, अशा तीन चालींत माझी सुटका झाली. ओढायला बंदी असती तर मी ईदपर्यंत तिथेच.

या एका मनाईतून केवढं मोठं रामायण उभं राहतं ते बघा. सुडोकू घ्या. सोडवताना डोकं फुटेल, पण कुणी भरलेला कागद हातात दिला तर बरोबर की चूक हे पाच मिनिटांत तपासता येतं. सोकोबानचं तसं नाही. गोदाम आणि पेट्या वाढत गेल्या की चालींची संख्या इतकी अवाढव्य होऊ शकते, की तयार उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं वाचायलाही जन्म पुरणार नाही. कॅनडातल्या जोसेफ कल्बरसन या संगणकशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये सिद्ध केलं, की अवघड कोड्यांच्या उतरंडीत सोकोबान हा सुडोकूहून वरच्या मानल्या जाणाऱ्या पायरीवर बसतो. त्याची युक्ती अशी की पेट्या आणि बोळ नीट मांडले तर त्यांतून एक संगणकच उभा करता येतो. म्हणजे हमाल पेट्या ढकलतोय आणि ढकलता ढकलता हिशेब होतोय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवून जरा वेळ पंख्याकडे बघत बसलो होतो.

मी काही मोठा गेमर नव्हे. आमचं बॅगांचं लहानसं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर ओढायचं, जेवायचं, आणि घर झोपलं की तास-दीड तास खेळायचं. लहानपणी गल्लीत एकाच्या घरी टीव्हीला जोडायचा डबा होता, अर्ध्या तासाचे दोन रुपये. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं असायचं, निघायचे मात्र तेच वीस-पंचवीस, फिरून फिरून. व्यापारातली फसवणूक म्हणजे काय, याचा पहिला धडा मला तिथे मिळाला.

गेल्या वर्षभरात जे खेळ खेळलो त्यांतले काही कोड्यांचे होते, काही आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. मी त्यांना सोंगाचे खेळ म्हणतो. बहुरूप्यासारखं दुसऱ्याचं सोंग घ्यायचं आणि ते निभवायचं. दोन्ही जाती आलटून पालटून खेळताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच मला लिहायला बसवलं. सोंगाच्या खेळात पडद्यावरचा माणूस वाढतो. त्याचं बळ दहाचं बारा होतं, तलवार बदलते, झोळी भरते. तुम्ही खुर्चीत आहात तसेच राहता. कोड्याच्या खेळात नेमकं उलटं. पडद्यावरचा हमाल पहिल्या दिवशी होता तसाच शंभराव्या दिवशी असतो, वाढता ते तुम्ही. किल्ली पडद्यावर कुठेच नसते, ती तुमच्या टाळक्यात तयार होते.

*

निजामाच्या काळातला आमचा घड्याळाचा टॉवर माझ्या आठवणीत बहुतेक बंदच. अलीकडे त्याची डागडुजी झाली ती झाली. बंद घड्याळाखाली ज्याचं बालपण गेलं त्याला थांबलेल्या क्षणाचं नवल वाटू नये. पण ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ खेळताना मला ते वाटलं.

लुकास पोप या एकट्या माणसाने जवळपास सगळं स्वतः करून २०१८ मध्ये हा खेळ आणला. गोष्ट १८०७ ची. ईस्ट इंडिया कंपनीचं ओब्रा डिन नावाचं व्यापारी जहाज पाच वर्षांपूर्वी पूर्वेकडे निघालं, बेपत्ता झालं, आणि आता इंग्लंडच्या फाल्मथ बंदराशी आपोआप येऊन लागलंय. जहाजावर जिवंत कुणी नाही. तुम्ही कंपनीचे विमा-निरीक्षक. ६० माणसं होती, प्रत्येकाचं काय झालं ते वहीत भरायचं: हा कोण, कसा मेला, आणि मारलं असेल तर कुणी. खेळ जवळजवळ दोनच रंगांत दिसतो, जुन्या संगणकांच्या पडद्यासारखा, काळं आणि पांढरं. तुमच्या हातात एक खिशातलं घड्याळ. सांगाड्याजवळ ते उघडलं की आधी अंधार होतो, त्या माणसाच्या शेवटच्या काही क्षणांचे आवाज ऐकू येतात, कुणाची हाक, कुणाची शिवी, एक धडाका. आणि मग तो क्षण तसाच गोठून समोर उभा राहतो. बंदुकीचा धूर हवेत थिजलेला. त्या थिजलेल्या क्षणात तुम्ही चालू शकता, वाकून बघू शकता, दोन खोल्या पलीकडे त्याच वेळी कोण काय करत होतं तेही पाहू शकता. मेलेल्या माणसापेक्षा मागे कोपऱ्यात उभा असलेला माणूस पुष्कळदा जास्त सांगून जातो.

नावं कुणी सांगत नाही. यादी आहे, चित्र आहे, पण कोणता चेहरा कोणत्या नावाचा ते तुम्ही लावायचं. कुणाच्या बोलण्याचा हेल, कुणाच्या बोटातली अंगठी, कोण कुणाबरोबर जेवायला बसतो. खलाशी झोळ्यांमध्ये झोपलेत त्या दृश्यात झोळ्यांना क्रमांक लावलेले आहेत, आणि यादीतही माणसांना क्रमांक आहेत. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता आणि मी इतक्या मोठ्याने ‘अरे!’ म्हणालो की आतून आईने विचारलं, काय रे, विंचू का? काही चेहरे झोळीत पुरते झाकलेले असतात, तेव्हा बाहेर आलेल्या पावलांवरचे बूट-मोजे लक्षात ठेवायचे आणि तेच बूट दुसऱ्या मरणात शोधायचे.

आता यातली सगळ्यात सुंदर चलाखी. तुम्ही एकाचं नाव बरोबर लिहिलं तर खेळ काहीच बोलत नाही. तिघांचं सगळं बरोबर जमलं की तिन्ही एकदम पक्क्या शाईत उमटतात. तीनच का? समजा एकेकाला लगेच ‘बरोबर’ मिळालं असतं, तर एका चेहऱ्यासाठी ६० नावं एकामागून एक लावून बघता आली असती. जास्तीत जास्त ६० खेपा. तीन चेहरे एकदम जुळवायचे म्हटले की नुसत्या नावांच्याच जोडण्या ६० गुणिले ५९ गुणिले ५८, म्हणजे २ लाख ५ हजार ३२० होतात. त्यात प्रत्येकाच्या मरणाचं कारण अजून धरलेलंच नाही. एक आकडा एकाचा तीन केला आणि अंदाजपंचे माणसाला चौकशी अधिकारी करून टाकलं! अर्थात दोघं पक्के असले की तिसऱ्यावर तुक्का मारता येतो. मी मारला. तीनदा. विमा-निरीक्षकाच्या नोकरीतून मला काढून टाकायला हवं.

जहाजावर चार हिंदी खलाशी आहेत, आणि त्यांची नावं वाचून मी बराच वेळ हसत होतो: सॉलोमन सय्यद, रेनफ्रेड राजुब, अब्राहम अकबर, विल्यम वासिम. अर्धं नाव फाल्मथचं, अर्धं मुंबईच्या गोदीतलं. शहागंजात रोज पन्नास सय्यद भेटतात, पण सॉलोमन सय्यद अजून कुणी भेटला नाही. हसू लवकरच मावळलं, कारण त्यांतले दोघं प्रवासाच्या सुरुवातीलाच फुप्फुसाच्या आजाराने जातात. खेळात राक्षस आहेत, बंड आहे, तोफा आहेत. या दोघांना त्यातलं काहीच बघायला मिळत नाही. थंडी, खोकला, संपलं. कंपनीच्या जहाजांवर आपल्याकडचे खलाशी खरोखरच असत, त्यांना लष्कर किंवा लास्कर म्हणत, आणि त्यांतले कित्येक असेच कुठल्या तरी वहीत एका ओळीचे धनी झाले. ती ओळ मी माझ्या हाताने भरली, तेव्हा कोडं सुटल्याचा आनंद नेहमीसारखा झाला नाही.

*

‘बाबा इज यू’ हा फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा खेळ, २०१९ चा. यातला बाबा म्हणजे एक पांढरं, सशासारखं जनावर, त्यामुळे मराठी घरात हा खेळ सुरू केला की पहिली दोन मिनिटं फालतू विनोदात जातात. तेवढं सोसा. यातही सोकोबानसारखंच ढकलायचं असतं, पण पेट्यांच्या जागी शब्द असतात. पडद्यावर ‘बाबा इज यू’ असे तीन ठोकळे ओळीत पडलेले दिसतात, म्हणून तुम्ही बाबा. ‘वॉल इज स्टॉप’ असं लिहिलंय, म्हणून भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला करा, वाक्य मोडतं, आणि भिंतीतून आरपार चालत जाता येतं. ‘वॉल इज यू’ असं जुळवलंत तर तुम्हीच भिंत होता. सगळीच्या सगळी भिंत, एकदम. कायदा मोडायचा नाही, कायद्याचे शब्द हलवायचे. आमच्या सराफ्यातल्या वकिलांना हा खेळ फार आवडेल.

खेळताना मला सारखं वाटत होतं, हा मराठीत कसा दिसेल? इंग्रजीत ‘इज’ मधोमध बसतं, दोन्ही बाजूंनी शब्दांच्या कचाट्यात. मराठीत ‘भिंत अडथळा आहे’. ‘आहे’ शेवटी, मोकळ्या टोकाला. एक धक्का दिला की निसटलं. म्हणजे इंग्रजीतली जी कोडी मधला ठोकळा बाहेर काढता येत नाही यावर उभी आहेत, ती मराठीत फुसकी होतील. पण आपल्याकडे दुसरीच गंमत निघेल. ‘बाबा तू’ एवढं म्हटलं तरी आपलं वाक्य पुरं होतं, ‘आहे’ नसलं तरी चालतं! मग कायदा मोडायचा कसा? मी वहीत चौकोन काढून तीन-चार पाट्या रचून पाहिल्या. दोन सुटल्या, एक सुटतच नाही, आणि ती कोडं म्हणून अवघड आहे की माझी रचनाच चुकली आहे हेही कळत नाही.

*

सोंगाच्या खेळांकडे येतो. या सगळ्या जातीचा मूळपुरुष ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी छापलेला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र. आजचे चकचकीत खेळ आतून अजून त्याच फाशांवर चालतात. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ तर वीस बाजूंचा फासा पडद्यावर खणखणीत गडगडवून दाखवतो.

आणि फाशांचं म्हणाल तर वेरूळ आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. एकविसाव्या लेण्यात, एकोणतिसाव्यात, चौदाव्यातही शिव-पार्वती फासे खेळत बसलेत, साधारण चौदाशे वर्षं झाली. खाली गणांची पोरं बिचाऱ्या नंदीची खोड काढताहेत. साक्षात महादेवालाही दान पडेल ते मान्य करावं लागतं, हे ज्या शिल्पकाराला दगडात दाखवावंसं वाटलं त्याला सोंगाच्या खेळाचं मर्म कळलं होतं, असं माझं मत आहे. जिंकणारच असलेल्या माणसाची गोष्ट कोण बघत बसेल?

फाशाची जात बदलली की गोष्टीचा स्वभाव कसा बदलतो बघा. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याला सारखाच मान: १ पडण्याची शक्यता शेकडा पाच, १० ची पाच, २० चीही पाच. तुमच्या सोंगाचं कौशल्य एकाने वाढलं की यशाची शक्यता बरोबर पाच टक्क्यांनी वाढते, कुठेही असा. सपाट माळरान. ‘डिस्को एलिसियम’ या २०१९ च्या खेळात मात्र सहा बाजूंचे दोन फासे पडतात. दोन फाशांच्या ३६ जोडण्या. त्यांत ७ सहा प्रकारे पडतो आणि १२ एकाच प्रकारे. इथे डोंगर तयार होतो, मधे उंच, कडांना उतरता. समजा फाशांवर ९ किंवा जास्त हवेत: ३६ पैकी १० जोडण्या, शेकडा २८. कौशल्य एकाने वाढवलं, आता ८ पुरतात: शेकडा ४२. आणखी एकाने, ७: शेकडा ५८. मधल्या भागात एकेक गुण सोन्याच्या मोलाचा. पण १२ च हवे असताना एक गुण वाढवून ११ वर आलात, तर शक्यता ३ वरून ८ टक्के. अगदी नवशिक्याला आणि अगदी पटाईताला एका गुणाने फारसा फरक पडत नाही, मधल्याला पडतो. हे खेळातच खरं आहे असं नाही, पण ते राहू द्या.

आपल्या कवड्यांतही हाच डोंगर. सहा कवड्या टाकल्या तर उलट-सुलट धरून ६४ प्रकार. तीन उताण्या पडायचे २०, सहाच्या सहा उताण्या पडायचा एकच. कवडी नाण्यासारखी समतोल नसते, पाठ फुगीर असते, त्यामुळे खरे आकडे थोडे इकडेतिकडे. पण आजीबरोबर पट खेळताना ‘पडतच नाही मेलं’ असं जे दान असायचं ते याच उतरणीवर बसलेलं होतं.

‘डिस्को एलिसियम’मध्ये लढाई जवळजवळ नाहीच. तुम्ही एक गुप्तहेर, दारू पिऊन स्वतःचं नावसुद्धा विसरलेला. खानावळीच्या मागे झाडाला एक प्रेत लटकतंय, त्या माणसाला कुणी मारलं ते शोधायचंय. तुमची २४ कौशल्यं ही नुसती आकड्यांची यादी नाही. ती तुमच्या डोक्यात बोलतात, भांडतात, मधेच तोंड घालतात. तर्क एक सांगतो, सहानुभूती दुसरंच, आणि एक आवाज सतत म्हणतो चल, एक घोट घेऊ. एकत्र कुटुंबात लग्नाची बोलणी चालू असताना जे होतं, तेच हुबेहूब. जे कौशल्य जास्त वाढवाल त्याचा आवाज जास्त चढतो, आणि तो बरोबरच असेल असं नाही. इथे माझी दोन ढिगांची वाटणी कोलमडायला लागली. आकडा पडद्यावरच्या माणसाचा वाढत होता, पण त्या आवाजांतलं कुणाचं ऐकायचं हे मला शिकावं लागत होतं. यात फासे उलटे पडले की गोष्ट थांबत नाही, भलतीकडेच वळते. काही चुकीच्या दानांनंतरचे प्रसंग बरोबर दानांपेक्षा इतके मजेदार आहेत की मी नंतर नंतर मुद्दाम हरायला लागलो.

*

दौलताबादची अंधारी मी सातवीत शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिली. शहागंजातून निघालं की पंधरा किलोमीटर. दौलताबादचा किल्ला म्हणजे भिल्लम यादवाने १२ व्या शतकाच्या शेवटी उभारलेली देवगिरी. डोंगराचा खालचा कडा तासून सरळसोट केलेला, भोवती खंदक, खंदकावर एकच वाट, आणि ती वाट डोंगराच्या पोटात शिरते. तिचं नाव अंधारी. गाईडने आम्हा चाळीस पोरांना आत नेलं आणि विजेरी बंद केली. डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. वटवाघळांचा उग्र वास, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, पाय टाकावा तर तिथे पायरीच नाही. मग गाईड म्हणाला, पुढे उजेड दिसतोय ना? दिसत होता, एक लहानसा चौकोन. ‘शत्रू त्या उजेडाकडे धावायचा,’ तो म्हणाला, ‘आणि खंदकात पडायचा.’ पुढे दुसऱ्या बाजूला खरी वाट वर चढते, आणि तिच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून निखाऱ्यांचा धूर आत सोडण्याची सोय.

आज इतके खेळ खेळून झाल्यावर सांगतो, पडद्यावरच्या एकाही भुयाराने मला त्या उजेडाच्या चौकोनाइतकं चकवलेलं नाही. कारण तो सापळा दगडाचा नव्हताच. अंधारात चाचपडणारा माणूस उजेडाकडे जातो, ही सवय म्हणजे सापळा. रचणाऱ्याने माणसाच्या डोक्यातला ठोकळा ढकलला. आणि ज्याला हे माहीत आहे त्या शिबंदीतल्या पोराला तीच अंधारी म्हणजे रोजची जायची-यायची वाट. बळ नको, तलवार नको, फक्त माहिती.

पण गडाची हार कशी झाली? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक चालून आला, रामदेवराव यादव गडावर अडकला. जुना तवारीखकार फरिश्ता लिहितो की घाईगडबडीत वर चढवलेल्या गोण्या धान्याच्या समजल्या होत्या, उघडल्या तर निघालं मीठ. खरंखोटं इतिहासकार ठरवोत. माझ्यासारख्या खेळाडूला त्यात जे दिसलं ते असं, की कोडं म्हणून अजिंक्य असलेला किल्ला सोंगाच्या खेळाच्या साध्या नियमाने पडला: झोळीत काय आहे ते बघून घ्यावं. कुणीतरी एका गोणीवर एकदा क्लिक करायला हवं होतं.

*

२०२५ च्या ‘ब्लू प्रिन्स’ने माझे दोन्ही ढीग एकमेकांत मिसळून टाकले. टोंडा रॉस या माणसाने त्यावर आठ वर्षं घालवली. एका मुलाला आजोबांच्या भावाचा वाडा वारसाहक्काने मिळतो, अट एकच: ४५ खोल्यांच्या या वाड्यातली ४६ वी खोली शोधून दाखव. वाड्याचा नकाशा पाच बाय नऊ चौकोनांचा, रिकामा. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांतून एक निवडायची, ती तिथे बांधली जाते. दिवसाला ५० पावलं, खोलीत शिरलं की एक गेलं. पावलं संपली की दिवस संपला, आणि रात्रीतून वाडा पुन्हा कोरा. जमवलेल्या किल्ल्या, नाणी, जवळजवळ सगळं जातं. राहतं ते मुख्यतः एवढं, की चित्रांच्या जोड्यांत काहीतरी अर्थ आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. उद्याच्या रिकाम्या वाड्यात तुम्ही तेवढं घेऊन शिरता. माझ्याकडे शंभर पानी वही भरली आहे, बायकोने ती एकदा दुकानाच्या उधारीची समजून जपून ठेवली. तक्रारही आहे: हवी ती किल्ली हातात आणि हवी ती खोली काही केल्या वाट्याला येत नाही, असे दिवस यात फार येतात. नशिबाने कोड्याच्या इतक्या आड येऊ नये.

पुण्यात घडलेल्या ‘राजी’बद्दल थोडक्यात. नॉडिंग हेड्स गेम्सचा हा खेळ २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी, आणि तिच्याकडे बघत गप्पा मारणारे दुर्गा आणि विष्णू. देखणा आहे, महाल आणि पडछाया पाहत उभं राहावंसं वाटतं. मंडलाची वर्तुळं फिरवून चित्र जुळवायची कोडी मात्र फारच सोपी. तिथे मला अंधारी बांधणाऱ्यांची आठवण आली. त्यांना विचारायला हवं होतं.

*

कोड्याच्या खेळाचं एक वाईट आहे. सुटला की संपला. ‘बाल्डर्स गेट’ मी पुन्हा नव्या सोंगात खेळू शकतो, फासे वेगळे पडतील. ‘ओब्रा डिन’ मला आता या जन्मात खेळता येणार नाही. त्या झोळ्यांचे क्रमांक मला दिसतात म्हणजे दिसतात; ते न दिसणं कसं असतं हेच मी विसरलोय.

म्हणून गेल्या महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि स्वतः मागे पलंगावर बसलो. तो बारावीचा, बंदूक नसलेल्या खेळाला हसणारा. पहिल्या रात्री म्हणाला, ‘मामा, हे काळंपांढरं काय लावलंय?’ तिसऱ्या रात्री त्याने माझ्याकडे वही मागितली. परवा तो त्या झोळ्यांच्या दृश्यात उभा होता. चारीकडे हिंडला. एका झोळीजवळ वाकला, पाय बघितले, पुढे गेला. क्रमांकाची पाटी त्याच्या नाकासमोर होती.

‘मामा, यातला सय्यद कोणता ते कळतच नाही यार. तुला माहितीये ना?’

‘चहा टाकतो,’ म्हटलं, आणि उठलो. दुधाला उकळी येते न येते तोच बाहेरून आवाज आला, ‘अरे!’ आणि पाठोपाठ आईचा, ‘काय झालं रे, विंचू का?’